काचेच्या टाकीतील पाण्याचे तापमान आणि गोल्डफिशचे आरोग्य

या स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतील कपाट आले नाही. वसतिगृहाच्या व्हरांड्यातील काचेची टाकी आली. अनेक माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी ती साधी टाकी. तिच्यात चार गोल्डफिश होते. पाणी गरम करणारा हीटर नव्हता. हवेचा एक छोटा पंप तेवढा होता. घरापासून दूर आलेली लहान मुले पहिल्या आठवड्यात त्या टाकीसमोर बराच वेळ बसून राहत असत. त्यामुळे ती टाकी शोभेची वस्तू न राहता वसतिगृहाच्या जीवनाचा भाग झाली होती.

एका जानेवारीत रविवारी सकाळी मुलांनी मोठ्या उत्साहाने टाकी साफ केली. सर्व पाणी काढले, वाळू व खडे धुतले, काच पुसली आणि गच्चीवरील टाकीचे स्वच्छ पाणी भरून मासे परत सोडले. दुपारपर्यंत दोन मासे तळाशी निपचित पडले. रात्री त्यांतील एक मेला. सहावीतील एका मुलाने मला विचारले, "सर, आम्ही तर पाणी स्वच्छच केले होते. मग तो थंडीने मेला का?"

त्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मला देता आले नाही. जुने पाणी किती उष्ण होते आणि नवे किती थंड होते, हे कोणीच मोजले नव्हते. प्रयोगशाळेत तापमापी होती. ती पाण्यात बुडवण्याचे मलाही सुचले नव्हते. पुढे त्या विषयाचा जो अभ्यास आम्ही सर्वांनी मिळून केला, त्याचे सार या लेखात मांडत आहे. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी मासे आहेत. त्यांना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

गोल्डफिश हा कोणता मासा?

गोल्डफिश हा कार्प कुळातील, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या दूरच्या नात्यातील गोड्या पाण्याचा मासा आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये तळ्यांतील साध्या करड्या माशांतून सोनेरी रंगाचे मासे निवडून त्यांची जोपासना सुरू झाली. तेथून तो जपानमध्ये आणि सतराव्या शतकात युरोपात गेला. लांब, सडपातळ अंगाचा कॉमेट आणि गोलसर अंगाचे ओरांडा, रांचू, फँटेल, ब्लॅक मूर हे सर्व एकाच जातीचे प्रकार होत. योग्य काळजी घेतल्यास तो दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर लांब होतो. दुकानातून आणलेला बोटाएवढा मासा एका वर्षात मेला, तर त्याचे आयुष्य संपले होते असे मानू नये.

त्याला थंड पाण्याचा मासा म्हणतात. याचा अर्थ त्याला बर्फगार पाणी लागते असा नाही. साधारणपणे १८ ते २४ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तो उत्तम राहतो. याहून कमी व जास्त तापमानही तो बराच काळ सोसतो. गप्पी, मोली, एंजल, फायटर हे उष्ण प्रदेशांतील मासे असून त्यांना २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. म्हणून गोल्डफिश आणि हे मासे एका टाकीत ठेवणे योग्य नाही. एकाला सुखाचे असलेले पाणी दुसऱ्याला त्रासाचे ठरते.

पाण्याचे तापमान हेच माशाचे तापमान

माणसाच्या शरीराचे तापमान थंडीत व उन्हाळ्यात सुमारे ३७ अंशच राहते. मासा हा शीतरक्ती प्राणी आहे. पाणी २० अंशांचे असेल तर त्याचे शरीरही जवळजवळ २० अंशांचे असते. पचन, श्वसन, हृदयाची गती, रोगाशी झुंजण्याची शक्ती या सर्व क्रिया पाण्याच्या तापमानाबरोबर मंद किंवा जलद होतात. ढोबळ मानाने पाणी १० अंशांनी तापले, तर माशाची प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते.

आता पाण्याची बाजू पाहू. चुलीवर पाणी तापत ठेवले की उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे जमतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी जसे तापते तशी हवा धरून ठेवण्याची त्याची शक्ती घटते. माशाला लागणारा प्राणवायू हा या विरघळलेल्या हवेतीलच असतो. एक लीटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त किती प्राणवायू विरघळतो, ते पुढीलप्रमाणे :

१५ अंशांना — सुमारे १०.१ मिलिग्रॅम
२० अंशांना — सुमारे ९.१ मिलिग्रॅम
२५ अंशांना — सुमारे ८.३ मिलिग्रॅम
३० अंशांना — सुमारे ७.६ मिलिग्रॅम
३५ अंशांना — सुमारे ६.९ मिलिग्रॅम

म्हणजे २० वरून ३० अंशांवर जाताना पाण्यातील प्राणवायूचा साठा सहाव्या हिश्शाने घटतो आणि माशाची गरज मात्र दुप्पट होते. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, ते भूक लागल्यामुळे नव्हे. लहान मुले त्यांना भुकेले समजून आणखी खाद्य टाकतात आणि संकट वाढवतात. कारण न खाल्लेले खाद्य कुजतानाही प्राणवायू वापरला जातो.

तापमानाचा तिसरा संबंध अमोनियाशी आहे. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. पाण्यातील एकूण अमोनियापैकी काही भागच फार विषारी असतो. पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे सामू ८ असेल, तर २० अंशांना हा विषारी भाग शेकडा चारच्या जवळपास असतो. ३० अंशांना तो शेकडा साडेसात होतो. मासे तेवढेच, घाणही तेवढीच. पण उन्हाळ्यात तिचा जाच जवळजवळ दुप्पट होतो.

हा अमोनिया निरुपद्रवी करण्याचे काम टाकीतील उपकारक जिवाणू करतात. ते वाळूवर, खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करून राहतात. आमच्या मुलांनी त्या रविवारी वाळू नळाखाली खळखळून धुतली, तेव्हा घाणीबरोबर ही वस्तीही धुऊन गेली. स्पंज व वाळू टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच धुवावी, हे आम्हाला नंतर समजले.

थंडीपेक्षा अचानक बदल अधिक घातक

कॅनडातील टोरांटो येथे एफ. ई. जे. फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्डफिशच्या तापमान-सहनशक्तीचा अभ्यास करून तो १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. मत्स्यविज्ञानात तो आजही पायाभूत मानला जातो. त्यांना असे आढळले की, मासा किती उष्णता सोसेल हे ठरलेले नसते. तो आधी कोणत्या पाण्यात राहत होता, यावर ते अवलंबून असते. सवयीचे पाणी ३ अंशांनी उष्ण असेल, तर उष्णता सोसण्याची त्याची मर्यादा सुमारे १ अंशाने वर सरकते. थंडीच्या बाबतीतही तसेच. उष्ण पाण्यात राहिलेल्या माशाला अशा थंडीने मृत्यू येऊ शकतो, जी थंड पाण्याला सरावलेला मासा सहज सोसतो.

मात्र हा सराव होण्यास वेळ लागतो. उष्णतेचा सराव काही दिवसांत होतो. थंडीचा सराव त्याहून सावकाश होतो. म्हणूनच डिसेंबर महिन्यात पाणी रोज थोडे थोडे निवत गेले, तर आपल्या भागातील गोल्डफिशला काही होत नाही. तोच बदल एका बादलीने पाच मिनिटांत केला, तर कल्ले, रक्त आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर एकदम ताण येतो. पुष्कळदा मासा त्याच दिवशी मरत नाही. चार-सहा दिवसांनी रोगाने मरतो आणि आपण भलतेच कारण शोधत बसतो.

दासगावच्या तीन ऋतूंत

*हिवाळा.* सावित्रीच्या खाडीकाठच्या आपल्या गावात जानेवारीतील पहाट गार असते, परंतु घरातील टाकीचे पाणी गोल्डफिशला मारण्याइतके थंड होत नाही. गोल्डफिशसाठी आपल्याकडे हीटरची गरज नाही, हे निःशंकपणे सांगता येईल. लक्ष द्यावे लागते ते नव्या पाण्याकडे. हिवाळ्यात पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफ निघताना आपण पाहिली आहे. जमिनीच्या पोटातील पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून ते हिवाळ्यात हवेपेक्षा कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते. उलट गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी रात्रभर उघड्या आकाशाखाली निवते आणि उन्हाळ्यातील दुपारी चटका बसेल इतके तापते. एकाच घरात, एकाच सकाळी, तीन ठिकाणच्या पाण्याची तीन तापमाने असू शकतात.

यावर एक सोपे गणित आम्ही सातवीच्या वर्गात सोडवले. टाकीत ५० लीटर पाणी २२ अंशांचे आहे आणि विहिरीचे पाणी २७ अंशांचे आहे. टाकीतील १० लीटर पाणी काढून तेवढे विहिरीचे पाणी घातले, तर मिश्रणाचे तापमान किती? चाळीस गुणिले बावीस अधिक दहा गुणिले सत्तावीस, भागिले पन्नास. उत्तर २३ अंश. म्हणजे बदल केवळ १ अंशाचा. सर्व पाणी बदलले असते तर माशाला एकदम ५ अंशांचा धक्का बसला असता. आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी बदलावे, या नियमामागील अर्थ मुलांना फळ्यावरील या एका ओळीने समजला.

*उन्हाळा.* आपल्याकडील खरी परीक्षा हिवाळ्यात नसून मार्च ते मे या काळात असते. आपल्याच रायगड जिल्ह्यातील भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. पत्र्याच्या छपराखालील खोलीत टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर सहज जाते. अशा वेळी पुढील उपाय उपयोगी पडतात. टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून व पत्र्यापासून दूर, शक्य तर जमिनीलगत ठेवावी. काचेचे झाकण काढून त्याऐवजी जाळी लावावी. पंप चोवीस तास चालू ठेवावा. खाद्य निम्मे करावे आणि ते सकाळी लवकर द्यावे.

माठातील पाणी गार का होते, हे आपण शाळेत शिकलो. तेच तत्त्व येथे लागू पडते. अर्धा लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता लागते. ही सर्व उष्णता ५० लीटर पाण्यातून निघाली, तर ते पाणी जवळजवळ ६ अंशांनी निवेल. प्रत्यक्षात भोवतालची हवा त्याला पुन्हा तापवत असते, म्हणून एवढा फरक पडत नाही. तरीही टाकीच्या बाहेरून ओले फडके गुंडाळून त्यावर पंख्याचा वारा सोडल्यास दोन-तीन अंशांचा दिलासा मिळू शकतो. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नयेत. फारच गरज पडल्यास बर्फ गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी आणि पाणी तासाला १ अंशाहून अधिक निवणार नाही, हे तापमापीवर पाहावे.

*पावसाळा.* जुलैमध्ये माठातील पाणी गार होत नाही, ही कोकणातील प्रत्येक गृहिणीच्या अनुभवाची गोष्ट आहे. हवेत बाष्प भरलेले असल्याने वाफ होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात हवा सुखद वाटली, तरी ओल्या फडक्याचा उपाय निकामी ठरतो. या ऋतूत आणखी दोन धोके आहेत. पहिला टीसीएल पावडरचा. पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी ग्रामपंचायत ती टाकते आणि ती टाकलीच पाहिजे. पण त्यातील क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. म्हणून माशांसाठीचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून, टाकीशेजारीच ठेवावे. चोवीस तासांत क्लोरीन बराचसा उडून जातो आणि बादलीचे पाणी टाकीच्या पाण्याइतक्याच तापमानाचे होते. एका बादलीने दोन्ही कामे होतात.

दुसरा धोका वीज जाण्याचा. २२ जुलै २०२१ च्या महापुराने महाड परिसराचे जे हाल केले, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. माणसांचेच जीव वाचवण्याची वेळ असते, तेव्हा माशांचा विचार मागे पडणे स्वाभाविक आहे. परंतु घरात सुरक्षित असताना दिवसभर वीज नसेल, तर खाद्य पूर्ण बंद करावे; गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो. तांब्याने टाकीतील पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडावे. दर अर्ध्या तासाने असे वीस-पंचवीस वेळा केल्यास पाण्यात हवा मिसळते. पहाटेच्या वेळी विशेष लक्ष द्यावे. कारण रात्री पाणवनस्पती व शेवाळही प्राणवायूच वापरतात, त्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

तापमानातील चढउतारानंतर हमखास दिसणारा रोग म्हणजे अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. हा एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तो माशाच्या त्वचेत वाढतो, मग गळून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिले होतात आणि ती पुन्हा मासा शोधत पोहू लागतात. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते; १० अंशांच्या पाण्यात त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. औषधाचा परिणाम पोहणाऱ्या पिलांवरच होतो. त्वचेत लपलेल्या परजीवीवर होत नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार आठ-दहा दिवस चालू ठेवावा लागतो.

प्रथमोपचार म्हणून जाडे मीठ चालते. प्रमाण दर लीटरला १ ते ३ ग्रॅम. ते आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत थोडे थोडे करून घालावे. मिठाची वाफ होत नाही. त्यामुळे पाणी आटले म्हणून वर साधे पाणी घालताना पुन्हा मीठ घालू नये.

भांडे कोणते असावे?

गोल काचेच्या वाडग्यात मासा ठेवण्याची प्रथा चित्रपटांमुळे रूढ झाली असावी. तापमानाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट. तीन लीटर पाणी दुपारी चटकन तापते आणि पहाटे चटकन निवते. ५० लीटर पाणी तेवढ्याच उन्हात सावकाश तापते. पाणी जितके जास्त, तितका बदल संथ. शिवाय वाडग्याचे तोंड अरुंद असल्याने हवेशी संपर्कही कमी येतो. गोलसर अंगाच्या ओरांडा, रांचू या माशांना तर तापमानाचा धक्का कॉमेटपेक्षा लवकर बाधतो. नवीन पाळणाऱ्याने साध्या कॉमेटपासून सुरुवात करावी.

एक विनंती येथे आवर्जून करावीशी वाटते. मासे नकोसे झाले, तर ते सावित्रीत, गावतळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. परदेशांत अनेक तलावांत असे सोडलेले गोल्डफिश मोठे होऊन तळ उकरतात, पाणी गढूळ करतात आणि तेथील मूळ माशांचे अन्न हिरावतात. ते एखाद्या शाळेला किंवा दुकानदाराला द्यावेत.

नोंदवही

त्या रविवारनंतर टाकीच्या कोपऱ्यात एक तापमापी आली आणि शेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली शंभर पानी वही. सकाळच्या वंदनेनंतर एक नोंद आणि दुपारी शाळा सुटल्यावर दुसरी. तारीख, पाण्याचे तापमान, हवेचे तापमान, मासे कसे वागत आहेत, पाणी बदलले का, असे पाच रकाने. हे काम आळीपाळीने सर्वांकडे जाई. एकदा एका मुलाने नोंद करायची राहिली म्हणून आदल्या दिवशीचाच आकडा उतरवून ठेवला. दुसऱ्या मुलाने तो पकडला. कारण रात्री पाऊस पडला होता आणि आकडा तोच असणे शक्य नव्हते. मी त्या मुलाला रागावलो नाही. रकाना रिकामा ठेवला तर चालेल, पण न पाहिलेले लिहू नये, एवढेच सर्वांना सांगितले.

वही भरत गेली तशी मुले आकड्यांवरून बोलू लागली. "सर, आज पंप बंद ठेवू नका, पाणी कालच्यापेक्षा चढले आहे," असे कोणी तरी जेवणाच्या रांगेतून सांगे. उरलेले तीन मासे पुढे कित्येक वर्षे जगले. ज्याने मला पहिला प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी दहावी होऊन जाताना टाकीचा निरोप घेण्यास आला. त्याने वही उघडून पहिले पान काढले. त्या पानावर मेलेल्या माशाची नोंद होती आणि तापमानाचा रकाना रिकामा होता. तो मला म्हणाला, "सर, हा रकाना भरलेला असता, तर कळले असते ना?" मी 'हो' म्हणालो.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी आज टाकी आहे, त्यांनी तिच्यात एक साधी तापमापी लावावी आणि आपल्या मुलांच्या हाती एक वही द्यावी. मुंबईतील पंधराव्या मजल्यावरील पाणी, पुण्याच्या थंडीतील पाणी आणि दासगावच्या खाडीकाठचे पाणी यांचे आकडे निराळे येतील. सुट्टीत गावी याल, तेव्हा त्या वह्या घेऊन या. येथील मुलांना त्या आपल्या वहीशेजारी ठेवून पाहता येतील.